जुन्या मोटारीचा रुसवा : गाडी का सुरू होत नाही आणि कार्बोरेटर का वाहतो?

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतून दोन जुने मार्ग जातात. शहापुरातून मुंबई-आग्रा महामार्ग कसारा घाटाकडे चढतो, तर मुरबाडमधून कल्याणचा रस्ता टोकावडे मागे टाकून माळशेज घाटाला भिडतो. या दोन्ही घाटांनी पेट्रोलवर चालणाऱ्या जीपगाड्या आणि फियाट मोटारी कित्येक वर्षे पाहिल्या. गावात एखादीच मोटार असे, त्या काळी नवरा-नवरीला आणणारी तीच आणि अडलेल्या बाळंतिणीला तालुक्याच्या रुग्णालयात पोचविणारीही तीच. अशा गाडीने मध्यरात्री सुरू होण्यास नकार दिला, तर तो केवळ यंत्राचा दोष राहत नसे.

या गाड्यांतील सर्वांत परिचित मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' या नावाने ती तयार होऊ लागली आणि १९७०च्या दशकात तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. १०८९ घनसेंटिमीटरचे तिचे चार सिलिंडरांचे इंजिन साधे आणि समजण्यास सोपे आहे. मुंबईतील तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस निरोप घेतला. तरीही हौसेने किंवा वडिलांची आठवण म्हणून जपलेल्या पद्मिनी अजून अनेकांच्या पडवीत उभ्या आहेत. त्यांच्याविषयी दोन तक्रारी हमखास ऐकू येतात : गाडी लवकर सुरू होत नाही आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल वाहते. या दोन तक्रारी एकच समजून कार्बोरेटर बदलण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. मूळचा चांगला कार्बोरेटर भंगारात जातो, नवा हलक्या प्रतीचा बसतो आणि दोष मात्र जागच्या जागी राहतो. म्हणून आधी रचना समजून घेऊ.

आपल्या वसतिगृहाच्या छतावरील पाण्याची टाकी आठवा. तिच्यात एक पोकळ चेंडू तरंगत असतो. पाणी वर आले की चेंडू वर येतो आणि नळ बंद करतो. कार्बोरेटरमध्ये नेमकी हीच व्यवस्था लहान आकारात असते. मागच्या टाकीतील पेट्रोल इंजिनावरील पंप खेचून आणतो. गॅरेजात त्याला 'एसी पंप' म्हणतात. ते पेट्रोल कार्बोरेटरच्या एका छोट्या कप्प्यात साठते. त्या कप्प्यातील फ्लोट वर आला की एक सुई आपल्या बैठकीत बसते आणि पेट्रोल थांबते. तेथून ते बारीक जेटमधून हवेत मिसळते. वजनाने साधारण पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल, हे प्रमाण नीट ज्वलनाला मानवते. थंड इंजिनाला अधिक पेट्रोल लागते, त्यासाठी चोक असतो.

टाकीचा चेंडू फुटला किंवा नळात कचरा अडकला, तर टाकी ओसंडते. कार्बोरेटरही त्याच कारणांनी वाहतो. सुईच्या बैठकीत टाकीतील गंजाचा कण अडकतो. सुईच्या टोकाला वर्षानुवर्षांच्या घासण्याने कंगोरा पडतो. पितळी फ्लोटला बारीक भोक पडून त्यात पेट्रोल शिरते व तो जड होतो. तो कानाजवळ हलविला तर आतील द्रवाचा आवाज स्पष्ट येतो. कधी फ्लोटची पातळी चुकीची लावलेली असते, तर कधी नवा पंप जास्त दाबाने पेट्रोल ढकलतो आणि धडधाकट सुईलाही ते रोखता येत नाही. या पाच गोष्टी तपासल्याशिवाय कार्बोरेटरला दोष देणे अन्यायाचे आहे.

गाडी सुरू न होण्याचे मूळ शोधताना पहिला साक्षीदार म्हणजे स्पार्क प्लग. काही वेळ सेल्फ मारून प्लग बाहेर काढावा. तो पेट्रोलने ओला असेल, तर इंधन पोचले आहे, किंबहुना जास्त झाले आहे, अथवा ठिणगी पडत नाही. तो कोरडा असेल, तर इंधनच पोचलेले नाही. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मा शोध संपतो.

आठवडाभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू होत नाही आणि प्लग कोरडा निघतो, तेव्हा कप्प्यातील पेट्रोल उडून गेलेले असते. पंपाला हाताने चालविण्याची दांडी असल्यास ती दाबून कप्पा भरावा. बॅटरी संपेपर्यंत सेल्फ मारण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात मात्र याच तक्रारीचे कारण बहुधा वेगळे असते. भातसा आणि तानसा धरणांच्या या मुलुखात आषाढात हवा इतकी ओलसर असते की डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात आणि प्लगच्या वायरींवर दव साचते व ठिणगी वाटेतच विरते. तेथे कोरडे फडके पुरेसे ठरते.

सर्वांत फसवा दोष गरम इंजिनाचा. वैशाखाच्या दुपारी माळशेज चढून गाडी चहासाठी थांबते आणि दहा मिनिटांनी सुरू होत नाही. इंजिन बंद झाले की पंखा व पाणी फिरणे थांबते आणि साठलेली उष्णता कार्बोरेटरकडे चढते. कप्प्यातील पेट्रोल उकळून इंजिनात झिरपते व मिश्रण फार दाट होते. अशा वेळी चोक पूर्ण आत ढकलावा, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरावा आणि पाच-दहा सेकंद सेल्फ मारावा. पाय वरखाली करू नये, कारण प्रत्येक दाबाबरोबर पेट्रोलची नवी पिचकारी आत जाते. उलट, उष्णतेने पंपात किंवा नळीत वाफ अडकली असेल, तर पेट्रोल पुढे सरकतच नाही. तेथे बॉनेट उघडून पंपावर ओले फडके ठेवणे आणि थोडा धीर धरणे हाच उपाय. वरवर तक्रार एकच दिसते. पण एकीत पेट्रोल अधिक आणि दुसरीत मुळीच नाही. निवाडा पुन्हा प्लगच करतो.

ही तक्रार वारंवार येत असेल, तर कार्बोरेटरखालील जाड पॅकिंग पाहावे. इंजिनाची धग वर जाऊ नये म्हणून ते जाड ठेवलेले असते. दुरुस्तीत तेथे पातळ कागदी पॅकिंग बसले, की चांगली गाडीही घाटात रुसू लागते. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वाढल्यापासून जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा यांच्याकडेही लक्ष हवे. जुने रबर त्याने फुगते किंवा भेगाळते आणि त्याचे कण थेट सुईपर्यंत पोचतात.

वाहणारा कार्बोरेटर दुर्लक्षित ठेवण्याची किंमत मोठी असते. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते आणि ऑइल पातळ होऊन बेअरिंगे झिजतात. ऑइलची पट्टी काढून वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला तर आधी दोष दूर करावा, मग ऑइल बदलावे आणि त्यानंतरच गाडी चालवावी. पंपाचा पडदा फाटला असेल तरीही हेच घडते, हे ध्यानात ठेवावे.

गॅरेजात उमेदवारी करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना काही गोष्टी आग्रहाने सांगावयाच्या आहेत. कार्बोरेटर उघडण्यापूर्वी बॅटरीची तार काढा. जवळ विडी, दिवा वा काडी नको. पाहण्यासाठी बॅटरीचा दिवा घ्या. सांडलेले पेट्रोल पुसून सुकेपर्यंत ठिणगी तपासू नका. कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून सेल्फ मारण्याची सवय अनेकांचे हात आणि चेहरे भाजून गेली आहे. नळीने पेट्रोल तोंडाने ओढू नका. ते फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. आग लागलीच तर पाणी न टाकता कोरडी वाळू टाका.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ मानके लागू झाली आणि नव्या दुचाकींवरूनही कार्बोरेटर जवळजवळ नाहीसा झाला. मग हे शिकावे कशासाठी, असे कोणी विचारील. नव्या गाडीतही इंधन, हवा आणि ठिणगी या तिन्हींचाच हिशेब असतो. तेथे तो संगणक ठेवतो, एवढाच फरक. जुन्या मोटारीत तो उघड्या डोळ्यांनी दिसतो. ज्या मुलाने एकदा आपल्या हातांनी प्लग काढून ओला की कोरडा हे पाहिले, तो पुढे कोणत्याही यंत्राचा भाग बदलण्यापूर्वी कारण विचारील. मालकाचे पैसे त्याने वाचतील आणि त्या मुलाच्या शब्दाला गावात किंमत येईल.