तीस सेकंदांच्या आतलं संगीत

‘सैराट’मध्ये गाणी किती, असं विचारलं तर कुणीही चार म्हणून सांगेल. २०१६च्या या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडमधल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर वाद्यवृंद वाजवून घेतला, हेही बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण चित्रपट जवळपास तीन तासांचा. गाणी वगळून उरलेल्या वेळात काय वाजतं, हे कुणी विचारत नाही. आपल्याकडे ‘म्युझिक आलं’ म्हणजे गाणी आली.

ही सवय तबकडीनं लावली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. त्यात गाणं बसायचं. तुटकतुटक वाजणारं पार्श्वसंगीत कोण विकत घेणार? पुढे एलपी आली, कॅसेट आली, जागा वाढली, पण सवय काही सुटली नाही. रहमानच्या ‘बॉम्बे’च्या (१९९५) कॅसेटवर गाण्यांसोबत थीमही होती आणि ती लोकांनी डोक्यावर घेतली, पण असे अपवादच. भास्कर चंदावरकरांनी ‘सामना’पासून ‘श्वास’पर्यंत जे काम केलं, ते ऐकायची हुक्की आली की मी अजूनही सिनेमाच लावतो.

आता तबकडी छापायची नाही, दुकानात जागा मागायची नाही. वर्षाची थोडी वर्गणी भरली की वितरक कंपनी तुमचा अल्बम सगळ्या ॲप्सवर चढवते. मग अडतं कुठे? कागदावर. ध्वनिमुद्रणाचा मालक बहुधा निर्माता असतो, आणि अनेक करारांत तो गाण्यांबरोबर पार्श्वसंगीतही म्युझिक कंपनीला देऊन मोकळा होतो. कंपनी गाणी वाजवते, बाकीचं कपाटात. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनं चित्रपटगृहाबाहेरच्या वापरात संगीतकाराला रॉयल्टीचा समान वाटा दिला, हे खरं. पण मुळात जे बाहेरच आलं नाही, त्याचा वाटा कशातून काढणार? माझ्या मते करारातलं एक वाक्य पुरे: गाणी आल्यावर अमुक महिन्यांत पार्श्वसंगीत काढलं नाही, तर ते काढायची मुभा संगीतकाराला.

माझ्या एका संगीतकार मित्राला निर्मात्यानं अशी मुभा देणारं पत्र दिलं. त्याच्या कोथरूडच्या खोलीत बसून आम्ही हार्ड डिस्क उघडली. फाइलींची नावं ‘१एम१’, ‘३एम७’. म्हणजे तिसऱ्या रिळातला सातवा तुकडा. रिळं गेली, आकडे राहिले. एकेकाला नाव द्यायला बसलो. ‘आजी जाते’ लिहिलं आणि खोडलं, कारण सिनेमा न पाहिलेल्याला गोष्टच फुटते. मग ४८ किलोहर्ट्झच्या फाइली ४४.१वर आणणं, प्रत्येक तुकड्याला ओळखीचा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक. मित्राच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग आधीच्या अल्बमपेक्षा वेगळं पडलं आणि ॲपवर तो एकाचा दोन झाला. ते निस्तरायला पंधरा दिवस गेले. फाइली आणि क्रमांकांची यादी स्वतःजवळ ठेव, असं मी त्याला बजावलं. रेसो आणि विंक ही गाण्यांची दोन्ही ॲप्स २०२४मध्ये बंद पडली, हे विसरून चालत नाही.

खरी कातरी पुढे लागली. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकल्याशिवाय ऐकणं मोजत नाहीत, आणि २०२४पासून वर्षात हजार वेळा न ऐकलेल्या ट्रॅकला पैसेही नाहीत. व्हल्फपेक नावाच्या अमेरिकन बँडनं २०१४मध्ये तीस सेकंदांहून किंचित लांब अशा निव्वळ शांततेचे ट्रॅक चढवून पैसे मिळवले होते. आमच्याकडे उलटं: संगीत होतं, सेकंद नव्हते. मित्रानं सतरा तुकडे जोडजोडून नऊ केले. दोन सूर एकमेकांत मिसळताना मूळ प्रसंगातला श्वास जातो, हे त्यालाही दिसत होतं.

एक तुकडा मात्र कशालाच जोडला जाईना. बावीस सेकंद, नुसतं संबळ, शेवटी एक थाप अर्धवट. तो त्यानं नवव्या क्रमांकावर तसाच ठेवला आणि नाव दिलं, ‘एसटी सुटते’.