नेम कसा टिकतो?

आपल्या गावचा कांदा-बटाटा ट्रकमध्ये भरून मुंबईकडे निघाला, की तो बहुधा नवी मुंबईत, वाशीच्या घाऊक बाजारात उतरतो. तिथे पाठीवरून पोती वाहणारे ते माथाडी कामगार. त्यांच्यासाठी १९६९ साली खास कायदा झाला, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. अशा कामगारांपैकी एक गृहस्थ, मूळचे साताऱ्याकडचे, आमचे शेजारी आहेत. नव्या वर्षाचे संकल्प का मोडतात आणि कसे टिकतात, हे मी पुस्तकात वाचले ते नंतर. आधी पाहिले ते यांच्या घरी.

यांना तंबाखू-सुपारीची सवय वीस-बावीस वर्षांची. दर १ जानेवारीला ते चंची फेकून देत आणि 'आजपासून बंद!' असे घरात जाहीर करीत. आठवडा जेमतेम जाई. मग बाजारात कुणीतरी चिमूट पुढे करी, आणि एकदा घेतलीच आहे तर संकल्प मोडलाच, असे म्हणून नवी चंची येई. हसू नका बरं का! पहाटे उठण्याच्या, रोज हिशेब लिहिण्याच्या तुमच्या-माझ्या संकल्पांची कथाही हीच आहे. माझी हिशेबाची वही तर दर वर्षी संक्रांतीच्या तीळगुळापाशीच थांबते.

तीन वर्षांपूर्वी मात्र गोष्ट थट्टेची राहिली नाही. त्यांना आमटीचे तिखट सोसेना, भाकरीचा घास तोंडात नीट जाईना. डॉक्टरांनी त्यांना स्वतःची तीन बोटे उभी जोडून तोंडात घालून पाहावयास सांगितले. दोनच गेली. सुपारीने गालाचे आतले अस्तर आवळत जाते आणि पुढे त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोगावर संशोधन आणि उपचार करणारी संस्था आहे. तिथे तपासणी झाली. कर्करोग नव्हता, पण तंबाखू आणि सुपारी, दोन्ही सुटली पाहिजेत, असे त्यांना स्पष्ट सांगण्यात आले.

त्यांच्या आई तेव्हा गावाहून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जन्माचं बोलू नगंस. आषाढीपासनं कार्तिकीपतोर सोड. फुडचं फुडं बघू."

म्हातारीचे हे बोलणे मला फार शहाणपणाचे वाटते. आपल्याकडे चातुर्मासाचा नेम धरतात तो असाच. कांदेनवमीला कांद्याची भजी पोटभर खायची आणि एकादशीपासून चार महिने कांदा वर्ज्य करायचा. या नेमाला आरंभाचा दिवस असतो, शेवटचा दिवस असतो आणि शेवटी उद्यापन असते. 'जन्मभर' म्हटले की मन बिचकते. 'कार्तिकीपर्यंत' म्हटले की दिवस बोटांवर मोजता येतात.

दुसरी गोष्ट त्यांनी स्वतः केली. आपला हात चंचीकडे जातो तो नेमका केव्हा, हे त्यांनी दोन दिवस पाहिले. वेळा तीनच निघाल्या: गाडी खाली करून बसल्यावर, चहा झाल्यावर आणि जेवण झाल्यावर. मग प्रत्येक वेळेला एकेक काम बांधून टाकले. गाडी खाली झाली की लोटाभर पाणी. चहा झाला की खळखळून चूळ. जेवण झाले की चिमूटभर बडीशेप. शिवाय मुकादमाला आणि टोळीतल्या सोबत्यांना सांगून ठेवले, की मला कुणी देऊ नका, मी मागितली तरी देऊ नका.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ सालच्या एका लेखात हेच मांडले आहे. 'मी अमुक करीन' एवढेच न ठरवता 'अमुक घडले, की मी तमुक करीन' असे ठरवले, तर ते हातून होण्याचा संभव पुष्कळ वाढतो. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. मुलाच्या वहीत 'रोज अभ्यास करीन' असे लिहून घेण्यापेक्षा 'संध्याकाळी दिवे लागले, की पाच गणिते सोडवीन' असे लिहून घ्यावे. पाचच बरं का, पन्नास नकोत.

भाद्रपदात आमचे शेजारी गणपतीला गावी गेले आणि जुन्या मित्रांत बसून एक चिमूट घेऊन आले. चेहरा पडलेला. "आता काय, मोडला नेम," म्हणाले. तेव्हा त्यांच्या मंडळींनी विचारले, "अहो, एकादशीला चुकून भाताचं शीत तोंडात गेलं, म्हणून काय बाकीच्या एकादश्या सोडतात?" दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पाणी, चूळ, बडीशेप.

सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून पाहिले. ९६ जणांनी जेवणाबरोबर फळ खाणे, न्याहारीनंतर पाणी पिणे, अशी एकेक लहान गोष्ट १२ आठवडे करावयाची होती. २०१० साली निष्कर्ष छापून आले. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाला २५४ लागतील असे हिशेबाने निघाले. मधला आकडा ६६ दिवसांचा. मधे एखादा दिवस चुकला, तरी त्याने फारसे बिघडत नाही, असेही दिसले. २१ दिवसांत सवय लागते असे जे सर्रास सांगतात, त्यावर भिस्त ठेवू नये. चातुर्मास सुमारे १२० दिवसांचा. आपल्या पूर्वजांनी हे मोजून ठरवले होते, असे काही मी म्हणणार नाही. पण मुदत उपयोगी पडली खरी.

आणि १ जानेवारी हुकली म्हणून वर्षभर थांबायला नको. नवी मुंबईत तर नव्या वर्षांना तोटा नाही. आपला चैत्री पाडवा आहे, एप्रिलमध्ये तमिळ आणि मल्याळी शेजाऱ्यांचे वर्ष आहे, व्यापाऱ्यांचा दिवाळीचा पाडवा आहे. शाळेचे वर्ष जूनपासून, ते निराळेच. यांतला कोणताही दिवस धरावा. तंबाखू सोडावयाची असेल, तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो, तोही घ्यावा. पहिले आठ-दहा दिवस फार चिडचिडीचे जातात, तेव्हा कुणाशी तरी बोललेले बरे.

कार्तिकीला आमच्या शेजाऱ्यांनी नेमाचे उद्यापन केले, टोळीला पेढे वाटले आणि लगेच पाडव्यापर्यंतचा नवा नेम धरला. तेव्हापासून आषाढी, कार्तिकी, पाडवा असे टप्प्याटप्प्याने चालले आहे. तोंड उघडण्याचा व्यायामही डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज चालू आहे. परवा जिन्यात भेटले, तेव्हा मी विचारले, "तीन बोटे जातात का आता?"

"अजून अडीचच," ते म्हणाले, आणि कामाला निघून गेले.