भिंतीवरचा तक्ता काय सांगतो?

बेथसैदा गावच्या आंधळ्याची कथा मार्कच्या शुभवर्तमानात, आठव्या अध्यायात आहे. प्रभूने प्रथम हात ठेवले तेव्हा त्याला माणसे दिसली खरी, पण ती चालत्या झाडांसारखी. पुन्हा हात ठेवल्यावर सर्व स्वच्छ दिसू लागले. दिसणे आणि न दिसणे यांच्या मध्ये पुष्कळ पायऱ्या असतात, हे त्या कथेत सहज येऊन जाते.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडील तक्ता या पायऱ्याच मोजतो. हॉलंडमधील उट्रेख्त येथील नेत्रवैद्य हर्मान स्नेलेन यांनी तो १८६२ साली प्रसिद्ध केला. सहा मीटरांवरून निरोगी डोळ्याने वाचावयाच्या ओळीतील अक्षर सुमारे पावणेनऊ मिलिमीटर उंच असते. सर्वांत वरचे अक्षर त्याच्या दसपट. डॉक्टर कागदावर ६/६ किंवा ६/१८ लिहितात. त्यातील वरचा आकडा आपण किती मीटरांवर बसलो तो. खालचा, तीच ओळ निरोगी डोळा किती मीटरांवरून वाचील तो. हा गणितातला अपूर्णांक नव्हे. ६/१२ आले म्हणजे अर्धी दृष्टी गेली, असे समजून घरी रडारड करू नये. सर्वांत वरचे अक्षरही दिसले नाही, तर रुग्णास तक्त्याजवळ नेतात, बोटे मोजावयास सांगतात, शेवटी उजेड तरी कळतो का ते पाहतात. चांगल्या डोळ्याची दृष्टीही ३/६० हून कमी असल्यास २०१७ पासून आपल्या देशात अंधत्व मानतात. पूर्वी ही मर्यादा ६/६० होती.

“फादर, मला अक्षर येत नाही, मी काय तपासून घेणार?” असे वडीलधाऱ्या बायका म्हणतात. त्यांच्यासाठी इंग्रजी ‘ई’चा तक्ता आहे. त्याची तोंडे कोणीकडे वळली आहेत, एवढे हाताने दाखविले की झाले. दृष्टी कमी भरली, तर डॉक्टर बारीक छिद्रातून पाहावयास लावतात. छिद्रातून स्पष्ट दिसले तर बहुधा चष्म्याने काम भागते. न दिसले तर मोतीबिंदू किंवा आतील पडद्याचा दोष शोधावा लागतो.

पण तक्त्यावर सर्वस्वी विसंबू नये. तो फक्त नजरेच्या मध्यभागाची परीक्षा घेतो. काचबिंदू बहुधा कडेची दृष्टी आधी खातो, आणि त्या काळात माणूस शेवटची ओळ खुशाल वाचतो. मधुमेह्यांच्या पडद्याचा बिघाडही आरंभी तक्त्यावर उमटत नाही. म्हणून चाळिशीनंतर, विशेषतः घरात कोणास काचबिंदू असेल तर, डोळ्यातील दाब आणि आतील नस तपासून घ्यावी.

आता माझी चूक सांगतो. धर्मशिक्षणाच्या वर्गातील एक अकरा वर्षांचा मुलगा मान वाकडी करून फळ्याकडे पाही. मी त्याला दोनदा नीट बसण्यास दटावले. शाळेत तपासणी झाली तेव्हा उजवा डोळा ६/६ आणि डावा ६/६० निघाला. दोन्ही डोळे उघडे असताना तो सर्व वाचीत होता. मग आईबापांना किंवा मला कळावे कसे? लहानपणी एका डोळ्यातील चित्र अंधुक राहिले, तर मेंदू त्या डोळ्याकडे लक्ष देणेच सोडतो. चांगला डोळा रोज काही वेळ झाकून दुबळ्याला कामास लावणे हा त्यावरील उपाय. परंतु तो सात-आठ वर्षांच्या आत जितका फळतो, तितका पुढे नाही. त्या मुलाचा उपचार चालू आहे. डॉक्टरांनी फार मोठे आश्वासन दिलेले नाही.

तेव्हापासून आमच्या वर्गाच्या भिंतीवर ‘ई’चा तक्ता आहे आणि सहा मीटरांवर जमिनीवर खडूची रेघ. चार वर्षांची पोरे त्या अक्षराला ‘फणी’ म्हणतात. फणीचे दात कोणीकडे ते पंजा वळवून दाखवितात. एकेक डोळा आळीपाळीने झाकावयाचा, तोही आईच्या तळहाताने. स्वतःच्या हाताने झाकला की ही मंडळी बोटांच्या फटीतून हमखास पाहतात!