कर्करोग, मध्यरात्र आणि मॉर्फीन



मी डॉक्टर नव्हे. युनियनच्या कामात आजारी कामगारांना इस्पितळात पोहोचविता पोहोचविता जे विचारले आणि वाचले, तेवढ्या भांडवलावर बोलतो आहे.

कर्करोगाचा रोगी मध्यरात्री कॅज्युअल्टीत येतो तो पुष्कळदा वेदनेपायी. घरी गोळ्या चालू असतात. पण मधूनच उसळणारी कळ त्यांना जुमानत नाही. अशा वेळी ‘आधी तपासण्या, मग दुखण्याचे पाहू’ हा क्रम उलटा होय. वेदना उतरविल्याने निदान बिघडत नाही. शांत झालेल्या रोग्याची तपासणीच नीट होते. शिरेतून दिलेल्या मॉर्फीनचा गुण पंधरा-वीस मिनिटांत कळतो. म्हणून थोडे द्यावयाचे, श्वासावर व गुंगीवर लक्ष ठेवावयाचे, पुन्हा विचारावयाचे आणि कळ उतरली नसेल तर आणखी द्यावयाचे. गोळीला मात्र तासभर लागतो. वेदनेला थर्मामीटर नाही. शून्यापासून दहापर्यंत रोगी जो आकडा सांगेल तो खरा धरावा. मजूर दुखते म्हणाला की कांगावा समजण्याची खोड मालकांची आहे, ती डॉक्टरांनी उचलू नये.

एक धोका मात्र ओळखावा. पाठीत नवी कळ, पायांत बळ नाही, लघवी अडलेली, असे असेल तर गाठ मज्जारज्जूवर दाबत असेल. तेथे तातडीने एमआरआय आणि उपचार हवेत. एकदा गेलेले पाय बहुधा परत येत नाहीत.

मॉर्फीन म्हटले की घरची माणसे दचकतात. पण कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते घेणाऱ्याला व्यसन लागणे विरळा. बद्धकोष्ठ मात्र बहुतेकांना होतेच. म्हणून पहिल्या दिवसापासून सोबत रेचक हवे.

आता विसंगती पाहा. मॉर्फीन निघते अफूतून, आणि अफू तर मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथे सरकारी परवान्याने पिकते. नीमच आणि गाझीपूर येथे सरकारचे कारखाने आहेत. परदेशांना आपण माल पुरविला आणि घरचा रोगी तळमळत ठेवला! १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने इतके परवाने मागितले की इस्पितळांनी व दुकानांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले. १९९७ साली साऱ्या देशाचा खप अवघ्या १८ किलोंवर आला होता. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली कोझिकोड येथे वेदनाशमनाची संस्था काढली, नियमांविरुद्ध वर्षानुवर्षे झगडा दिला, आणि २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला अनेक परवान्यांऐवजी एकाच यंत्रणेची मान्यता पुरते.

परंतु मान्यता भिंतीवर टांगलेली आणि कपाटाची किल्ली दिवसपाळीवाल्याकडे, असे असेल तर रात्रीच्या रोग्याला तिचा काय उपयोग? म्हणून ज्यांच्या घरी असा रोगी आहे, त्यांनी जवळच्या इस्पितळात दिवसाच जाऊन विचारून ठेवावे : येथे मॉर्फीन असते काय, आणि रात्री ते कोण देतो? सोबत एक कागद ठेवावा. त्यावर चालू औषधांची नावे, मात्रा आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला ती वेळ लिहावी. रात्रीच्या डॉक्टरला नवी मात्रा त्यावरूनच ठरवावी लागते.