मराठी विकिपीडियावर बुद्धिबळ: हे काम मिळूनच व्हायला हवं

केळापूर तालुक्यातल्या पांढरकवड्याहून महामार्गाने उत्तरेला गेलं की नागपूर. तिथल्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमीला कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. आमच्या तालुक्यातल्या पोरांना तिची माहिती मराठीत, ताजी आणि खात्रीची मिळायलाच हवी, आणि हे एकट्यादुकट्याचं काम नाही. जागतिक बुद्धिबळ महासंघ (फिडे) दर महिन्याच्या १ तारखेला नवी मानांकनं जाहीर करते. म्हणजे कितीही मन लावून लिहिलेला लेख महिन्याभरात शिळा होतो. इंग्रजी विकिपीडियावर म्हणूनच बुद्धिबळाचा स्वतंत्र प्रकल्प आहे. तिथले स्वयंसेवक लेखांचा दर्जा ठरवतात, चर्चापानावर मतभेद मिटवतात. १ मे २००३ ला सुरू झालेल्या मराठी विकिपीडियालाही ही पद्धत सहज मानवेल.

कुणीही बदल करू शकतो, मग भरवसा कसा ठेवायचा? प्रश्न रास्त आहे. पण ‘इतिहास पहा’ उघडलं की कोणत्या खात्यावरून, कधी, कोणता शब्द बदलला ते ओळीओळीने दिसतं आणि चूक लगेच उलटवता येते. पाहणारे डोळे जितके जास्त, तितकी चूक लवकर सापडते.

इंग्रजीत सगळं आहेच, असंही म्हणतात. आनंद-कार्लसनपुरतं ते खरं. पण १९५५ च्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे संयुक्त विजेते रामचंद्र सप्रे, १९७४ च्या पहिल्या राष्ट्रीय महिला विजेत्या वासंती खाडिलकर, सांगलीत बुद्धिबळ रुजवणारे भाऊसाहेब पडसलगीकर यांच्याविषयीचा मजकूर मराठी वर्तमानपत्रांत आणि स्मरणिकांत शोधावा लागतो. तो वाचून संदर्भासह मांडायला मराठी वाचकच हवेत. घरात अशी एखादी स्मरणिका असेल, तर तिच्यातल्या एका तारखेपासून सुरुवात करा.