पहिल्या बोलपटाचा न बोलणारा नायक

सामान्यज्ञानाच्या तासाला एक प्रश्न ठरलेला असतो. भारतातला पहिला बोलपट कोणता? मुलं एका सुरात उत्तर देतात, 'आलम आरा'. दिग्दर्शक कोण? अर्देशिर इराणी. वर्ष? 1931. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने आम्हालाच विचारलं, "सर, हिरो कोण होता?" उत्तर आम्हाला माहीत होतं, पण प्रश्नसंचात नव्हतं. आम्ही "मास्टर विठ्ठल" म्हणालो, तशी मुलं हसली. 'आलम आरा'तला शहजादा आणि त्याचं नाव विठ्ठल! हसूं दिलं त्यांना. आणि घरी आल्यावर या माणसाबद्दल जुनं काढून वाचत बसलो.

आपल्या घरांत सिनेमाचा विषय जपूनच निघतो, हे आम्ही जाणतो. या मासिकाच्या वाचकांतही काहींना तो आवडणार नाही. पण हा लेख पडद्यावरच्या झगमगाटाबद्दल नाही. अंगमेहनतीने नाव कमावलेला एक मराठी माणूस उर्दू जबानीच्या दारात कसा अडला आणि पुढे त्याने काय केलं, एवढंच यात आहे. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत रोज शिकवणाऱ्या आमच्यासारख्याला ते वाचून स्वस्थ बसवेना.

विठ्ठल लहानपणी राजापूर नाटक मंडळीत रंगमंचावर उभे राहिले. पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले, ते संकलनाच्या कामाला. म्हणजे फिल्मच्या पट्ट्या कापायच्या आणि जोडायच्या. तिथेच 1924 च्या 'कल्याण खजिना'त त्यांना पडद्यावर पहिलं काम मिळालं आणि तेही नाचणाऱ्या बाईचं. मग मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीने त्यांना घेतलं. 1926 च्या 'रतन मंजरी'त ते नायक झाले आणि तिथून चार-पाच वर्षं त्यांनी मारधाडीच्या मूकपटांवर राज्य केलं. अनेक चित्रपटांत त्यांच्यासमोर झेबुन्निसा नायिका असे. जाहिराती त्यांना 'हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स' म्हणत. फेअरबँक्स हा अमेरिकेतला तलवारबहाद्दर नट. दोरीला लोंबकळून किल्ल्याच्या भिंतीवरून उडी घेणं ही त्याची खासियत.

त्या काळी नायक म्हणजेच स्टंटमॅन. आज कॅमेऱ्यासमोर चेहरा एकाचा असतो आणि पडणारी पाठ दुसऱ्याची. तेव्हा घोड्यावरून झेप घ्यायची ती नायकानेच, जिन्यावरून तलवार फिरवत उतरायचं तेही त्यानेच. खाली गाद्या नाहीत, कमरेला तारा नाहीत, विम्याचं तर नावच नको. या स्टंटपटांचा प्रेक्षक गिरणीतला कामगार, गाडीवान आणि शाळा बुडवून आलेला पोरगा. वर्तमानपत्रांतली शहाणी मंडळी या चित्रपटांना नाकं मुरडत. म्हणून त्यांच्याबद्दल लिहिलं गेलं ते थोडंच आणि जपलं गेलं ते त्याहूनही थोडं. जी. पी. पवारांचा 1931 चा 'दिलेर जिगर' मात्र पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे आजही पाहता येतो. त्यात विठ्ठल नाहीत. हमीर आणि ललिता पवार आहेत. तरी स्टंटपट कसा असे, हे कळायला तो पुरे आहे. ज्या ललिताबाईंना आपण खाष्ट सासू म्हणूनच ओळखतो, त्या तिथे चक्क मारामारी करताना दिसतात.

1930 च्या सुमारास इराणींनी बोलपट काढायचं मनावर घेतलं. जोसेफ डेव्हिड यांचं पारशी रंगभूमीवरचं नाटक निवडलं. नायिका जुबेदा ठरली. नायक म्हणून आधी विचार झाला होता तो इंपिरियल कंपनीत किरकोळ कामं करणाऱ्या मेहबूब खान नावाच्या तरुणाचा. पण एवढा पैसा ओतायचा तर तिकीटबारीवर चालणारं नाव हवं, म्हणून मेहबूबना बाजूला करून विठ्ठल यांना बोलावलं. हेच मेहबूब पुढे 'मदर इंडिया' करणारे. त्यांचं त्या वेळी किती मन मोडलं असेल!

विठ्ठल शारदा कंपनीच्या करारात होते. करार मोडून ते इराणींकडे गेले, तशी कंपनी कोर्टात गेली. विठ्ठल यांची बाजू मांडली बॅरिस्टर मोहम्मद अली जिना यांनी, आणि खटला विठ्ठल जिंकले. चित्रपटांच्या इतिहासात ही गोष्ट बहुतेक एका ओळीत उरकलेली असते. कोल्हापूरकडून आलेला अंगबळाचा नट आणि मुंबईतला नामांकित बॅरिस्टर एका टेबलाशी बसून करारनामा वाचताहेत, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. जिनांच्या पुढच्या राजकारणाबद्दल ज्याने त्याने आपलं मत ठेवावं. त्या दिवशी त्यांनी वकिली केली ती एका मराठी स्टंट नटाची.

खटला जिंकला. खरी परीक्षा पुढे, मायक्रोफोनसमोर होती.

बोलपटाने नटाचे पायच बांधले. मूकपटात कॅमेरा चालू असताना दिग्दर्शक ओरडून सूचना देई, नट हवं तिकडे धावे. आता मायक्रोफोन कुठेतरी आडोशाला लपवलेला. त्याच्यापासून दूर गेलं की आवाज गेला. स्टुडिओजवळून आगगाड्या जात, म्हणून चित्रीकरण रात्री एक ते चार या वेळात चाले. गाणी नटांनी स्वतःच गायची आणि वाजवणारे दृश्याबाहेर दडून बसायचे. ज्याची सगळी कमाई उडीत आणि धावण्यात, तो माणूस आता एका जागी उभा राहून संवाद म्हणणार होता, आणि तोही उर्दूत!

विठ्ठल यांची जबान मराठी. उर्दूचे उच्चार त्यांना जमेनात. इराणींनी त्यावर काढलेला तोडगा चित्रपटाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. पडद्यावर शहजादा बराच वेळ गुंगीत किंवा बेशुद्ध दाखवला, म्हणजे त्याला बोलावंच लागू नये. जाहिरातीत मात्र गाजावाजा होता की चित्रं आता बोलू लागली.

14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात 'आलम आरा' लागला. गर्दी आवरायला पोलीस आणावे लागले. चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेल्याची आठवण इराणींचे भागीदार अब्दुलअली युसुफअली सांगत. हे मूळचे सुरतेचे, तरुणपणी तंबू घेऊन ब्रह्मदेश-सिंगापूरपर्यंत सिनेमा दाखवत फिरलेले. आमच्या सातारा भागातल्या जत्रांतले तंबू ज्यांनी पाहिले असतील, त्यांना या माणसाचा धंदा वेगळा समजावून सांगायला नको. फकिराचं गाणं वझीर मोहम्मद खान यांनी गायलं. हिंदी सिनेमातलं पहिलं गाणं म्हणून ते कायमचं लक्षात राहिलं. सेनापती झालेले पृथ्वीराज कपूर पुढे केवढे मोठे झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. नायकाचं नाव मात्र प्रश्नसंचातही आलं नाही.

इथे थोडं वर्गाबद्दल सांगावंसं वाटतं. शिरवळ हे नाव उर्दूत लिहायला सांगितलं की मुलं 'शिरवल' लिहितात. चूक त्यांची नाही, उर्दू लिपीत 'ळ' ला अक्षरच नाही. घरी 'नक्को' आणि 'मेरेकू' बोलणारं मूल मराठीच्या तासाला 'शाळा'ची 'शाला' करतं, 'पाणी'चं 'पानी' करतं, आणि बाकीचे हसतात. तेच मूल उर्दूच्या तासाला 'क़लम'चा क़ाफ घशातून काढू शकत नाही, तेव्हा आम्ही मोठी माणसंच हसतो. दोन्हीकडून हसू झालेली काही मुलं मग बोलायचीच थांबतात. हुशार असूनही वर्षभर तोंड उघडत नाहीत. अशा मुलांना सोपं जावं म्हणून नाटुकल्यात बिनसंवादाचं काम देण्याचा मोह आम्हालाही होतो. झाड हो, पहारेकरी हो. इराणींनीही तेच केलं होतं. त्यांचं आर्थिक गणित होतं, आमचं तर तेही नाही.

विठ्ठल यांचं मोठेपण आम्हाला पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत दिसतं. त्यांनी काम सोडलं नाही. 1933 चा 'आवारा शहजादा' त्यांनी दिग्दर्शित केला. मग ते आपल्या भाषेत परतले. मराठीत बोलपट सुरू झाले होते आणि त्यांत ऐतिहासिक चित्रपटांना तलवार चालवणारा माणूस हवाच होता. भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर'मध्ये (1939) ते दिसले. प्रभातच्या 'रामशास्त्री'तही (1944) त्यांची भूमिका होती. पुढे नायकाची कामं मागे पडली, चरित्र भूमिका आल्या, त्यानंतर चार ओळींची कामं. साठच्या दशकापर्यंत ते मिळेल ते करत राहिले. जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेलं नाव हळूहळू यादीच्या तळाशी गेलं. 1969 मध्ये ते वारले. इराणीही त्याच वर्षी गेले.

मारधाडीच्या नटाचं असं का होतं, ते भगवानदादा पालव यांच्याकडे पाहूनही कळतं. गिरणी कामगाराचा हा मुलगा कमी पैशांतले स्टंटपट काढत वर आला, 1951 च्या 'अलबेला'ने जुहूला बंगला आणि दारात मोटारी दिल्या, आणि शेवटी 2002 मध्ये दादरच्या चाळीत त्याने डोळे मिटले. शरीर हेच भांडवल असलं की वय झाल्यावर ते मोडीत निघतं. स्टंट करणाऱ्यांसाठी अपघात विम्याची ठोस योजना 2017 मध्ये अक्षयकुमारच्या पुढाकाराने आली, म्हणजे 'रतन मंजरी'नंतर 91 वर्षांनी.

'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. संग्रहालयाचे पी. के. नायर ती शोधत इराणींच्या घरी गेले, तेव्हा फिल्ममधली चांदी काढून घेऊन रिळं विकून टाकल्याचं त्यांना मुलाकडून कळलं. त्यामुळे विठ्ठल यांनी त्या चित्रपटात जे काही थोडे संवाद म्हटले असतील, ते ऐकण्याची सोय उरलेली नाही. उच्चार खरंच इतके वाईट होते का, हे ठरवणारे कान आता हयात नाहीत. काही छायाचित्रं तेवढी आहेत.

आम्ही ती छायाचित्रं वर्गात दाखवली. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "सर, झोपलेला वाटत नाही." प्रश्नसंचात पेन्सिलने तिसरी ओळ आम्ही वाढवली आहे. गॅदरिंगच्या नाटकात यंदा या मुलाला पाच वाक्यं दिली आहेत, त्यांतल्या तीन वाक्यांत 'ळ' आहे. तालीम असरनंतर असते.