ट्रॅक्टरच्या इंजिनाचा जळक्या तेलाचा वास : कारणे व उपाय

रब्बीच्या मळणीत ट्रॅक्टर तासन् तास मळणी यंत्रावर चालतो. अशा वेळी इंजिनाकडून जळक्या तेलाचा वास येऊ लागला, तरी काम उरकल्यावर पाहू असे म्हणून आपण तो अंगावर काढतो. असे करू नये. तेल कमी पडून ऐन हंगामात इंजिन जाम होऊ शकते. शिवाय खळ्यावर भुसकट उडत असते. तेलाने ओल्या झालेल्या गरम भागावर ते साचले की आगीचा धोका असतो. मात्र वास आला म्हणजे इंजिन खोलावेच लागते, असेही नाही. तेल इंजिनाच्या बाहेर जळते की आत, एवढे आधी ठरवावे. बाहेरचा दोष बहुधा थोड्या खर्चात दूर होतो. आतला दोष मोठ्या कामाचा असतो.

वास नक्की कशाचा?

क्लचच्या पेडलवर सतत पाय ठेवल्यास क्लच प्लेट तापून करपट वास येतो. पट्टा घसरत असेल तर रबराचा, तर वायर तापली असल्यास प्लॅस्टिक जळाल्यासारखा वास येतो. जळक्या इंजिन तेलाचा वास उग्र असतो, घशाला लागतो आणि भार वाढला की वाढतो. नुकतेच तेल बदलले असेल आणि भरताना थोडे सायलेन्सरच्या नळीवर सांडले असेल, तर ते जळून गेल्यावर वास आपोआप थांबतो.

तेलाची पातळी

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून इंजिन बंद करावे व दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. वरच्या खुणेपेक्षा जास्त तेल भरल्यास ते घुसळले जाऊन फेसाळते आणि ब्रीदर व सीलमधून बाहेर पडते. पातळी आपोआप वाढली असेल व तेल पातळ होऊन डिझेलचा वास येत असेल, तर पंपातून डिझेल चेंबरमध्ये उतरत आहे असे समजावे. तेल दुधट दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे. या दोन्ही वेळी इंजिन चालवू नये, मेकॅनिकला दाखवावे.

बाहेर जळणारे तेल

भार असताना मॅनिफोल्ड व सायलेन्सरची नळी इतकी तापते की तिच्यावर पडलेला तेलाचा थेंब लगेच धुरावतो. हे तेल बहुधा टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून, ऑईल फिल्टरच्या वायसरमधून किंवा तेलाच्या नळीच्या जोडातून येते.

गळती शोधण्यासाठी इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बाहेरून डिझेलच्या फडक्याने पुसावे व कोरडे करावे. संशयित जागी खडूची भुकटी लावावी. मग इंजिन पंधरा मिनिटे चालवून बंद करावे व पाहावे. भुकटी जिथे ओली झाली, तिथे गळती आहे. पंख्याच्या वाऱ्याने तेल मागे व खाली पसरते, म्हणून सर्वांत वरची ओली जागा शोधावी. पंखा व पट्टा चालू असताना हात घालू नये, सैल कपडे घालू नयेत.

पॅकिंग कडक झाले असल्यास नवे बसवावे. टॅपेट कव्हरचे नट जोराने आवळू नयेत. पत्रा वाकून गळती वाढते. नवीन पॅकिंग बसवूनही गळती थांबत नसेल, तर ब्रीदर तपासावा. तो चोंदला की चेंबरमधील हवेचा दाब वाढतो व तेल मिळेल त्या फटीतून बाहेर पडते. ब्रीदर डिझेलमध्ये धुऊन, वाळवून बसवावा.

आत जळणारे तेल

बाहेर कोठेही ओल नाही, पण तेल कमी होते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो, तर तेल आत जळत आहे. सकाळी इंजिन सुरू करताना निळा धूर येऊन पुढे कमी होत असल्यास व्हॉल्व्ह गाइड झिजल्याचा संभव असतो. भार आल्यावर निळा धूर कायम राहतो व ब्रीदरमधूनही धक्क्याधक्क्याने धूर येतो, तेव्हा पिस्टन रिंगा व लायनर झिजले असावेत. काळा धूर मात्र तेलाचा नसून, बहुधा एअर क्लीनर चोंदल्याचा किंवा जादा भाराचा असतो.

ट्रॅक्टरला ऑईलबाथ एअर क्लीनर असल्यास इंजिन खोलण्यापूर्वी त्याच्या वाटीतील तेल अवश्य पाहावे. ते खुणेपेक्षा जास्त असल्यास हवेबरोबर इंजिनात ओढले जाते व निळा धूर येतो. हा दोष केवळ जादा तेल काढून दूर होतो.

किती तासांच्या कामात किती तेल घालावे लागले, याची वहीत नोंद ठेवावी. दर हंगामात हा आकडा वाढत असेल, तर तेल घालत राहण्यापेक्षा इंजिनाचे काम करून घ्यावे. मेकॅनिकलाही या नोंदीचा उपयोग होतो.

ताबडतोब थांबावे

तेलाच्या दाबाचा दिवा लागला, काटा खाली आला किंवा इंजिनातून ठोक्यांचा आवाज आला, तर इंजिन तत्काळ बंद करावे. धूर दिसल्यास ट्रॅक्टर शक्य तर भुसकटापासून दूर नेऊन बंद करावा. पेटलेल्या तेलावर पाणी ओतू नये. वाळू किंवा कोरडी माती टाकावी.

मळणी सुरू होण्यापूर्वी अर्धा दिवस काढून एवढी तपासणी केली, माहितीपुस्तिकेत दिलेल्या तासांनी तेल व फिल्टर बदलले आणि मॅनिफोल्डवरचे भुसकट रोज झाडले, तर खळ्यावर ट्रॅक्टर बंद पडण्याची वेळ सहसा येणार नाही.